लांबलेल्या निकालाची बातमी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात कशी करावी

कविता, सहलीची छायाचित्रे आणि प्राचार्यांचे मनोगत एवढ्यावरच भागवणाऱ्या भित्तिपत्रकापुढे कोणी थांबत नाही. ज्या विषयावर नागपुरातले विद्यार्थी कँटीनमध्ये तावातावाने बोलतात, तोच पुराव्यानिशी मांडला की पत्रकाला वजन येते. उदाहरणादाखल लांबलेला निकाल घेऊ.

प्रथम तक्रारीचा तपासता येईल असा प्रश्न करावा. ‘विद्यापीठाचा कारभार ढिसाळ आहे’ हे झाले मत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 89 नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत जाहीर होणे अपेक्षित आहे. तेव्हा आपला निकाल कितव्या दिवशी लागला, हा प्रश्न झाला.

उत्तरासाठी माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः 150 शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क म्हणून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. ‘उशीर का झाला’ असे विचारले, तर उत्तर टाळायला आयतीच वाट मिळते. त्याऐवजी ‘उन्हाळी परीक्षेतील अमुक अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पेपरची आणि निकाल जाहीर झाल्याची तारीख दर्शविणाऱ्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात’ असे लिहावे आणि पोच जपून ठेवावी. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज करून पुढच्याच आठवड्यात अंक लावण्याचे मनसुबे रचू नयेत.

नुसत्या तारखांनी बातमी पुरी होत नाही. गोंदिया किंवा भंडाऱ्याहून येऊन नागपुरात खोली करून राहिलेल्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेअभावी पुढच्या प्रवेशासाठी काय खटपट करावी लागली, खोलीभाडे किती महिने जादा भरावे लागले, हे त्याच्याच शब्दांत घ्यावे. नाव द्यायचे की नाही, हे आधी त्यालाच विचारावे. परीक्षा विभागाची बाजू लेखी मागावी. उत्तरपत्रिका तपासायला पुरेसे प्राध्यापकच नव्हते असे निघाले, तर बातमीचा रोखच बदलतो, आणि खरे तर ती अधिक मोठी बातमी ठरते.

संविधानाच्या अनुच्छेद 19 (1) (क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावरील वाजवी निर्बंध 19 (2) मध्ये आहेत आणि बदनामी त्यांपैकीच एक. भारतीय न्याय संहितेच्या बदनामीविषयीच्या कलम 356 मध्ये बचावासाठी विधान केवळ सत्य असणे पुरत नाही, ते लोकहितासाठी प्रसिद्ध केलेले असावे लागते. म्हणून एखाद्या लिपिकाच्या खासगी आयुष्यावर टोमणा मारू नये. टीका झोंबते एवढ्यावरून मात्र ती बेकायदा ठरत नाही. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द केले, ते त्रासदायक वाटणाऱ्या मजकुरालाही गुन्हा ठरवण्याइतके मोघम होते म्हणूनच.

फलक महाविद्यालयाचा असल्याने तो वापरण्याची परवानगी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी घ्यावी. अंक उतरवायला सांगितल्यास नेमका कोणत्या वाक्यावर आक्षेप आहे, ते लेखी मागावे. वाक्य चुकीचे निघाले तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावी.