हरकत नोंदवायला शेजारी कसे जमवायचे

‘नागरिकांचा सहभाग’ म्हणून बोलावलं तर कोणी येत नाही बाप्पा. पहिल्या वेळेस मी आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, ग्रुपवर तसाच मेसेज टाकला. पाच जण आले, त्यातले दोघं चहा पिऊन निघून गेले.

मग शहराच्या विकास आराखड्यात खेळायला राखून ठेवलेल्या मैदानाचं आरक्षण बदलायचं निघालं, तेव्हा शहाणी झाले. नकाशाची झेरॉक्स काढली, मैदान लाल पेनाने रंगवलं अन् फाटकाफाटकाशी जाऊन विचारलं, "काकू, तुमची नात संध्याकाळी कुठं खेळते?" काकूंनी चष्मा लावला, बोट फिरवत आधी आपलं घर शोधलं, मग मैदान. मग म्हणाल्या, "पेन दे."

अर्जावर शेवटची तारीख ठळक लिहा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यातल्या बदलाची सूचना निघाली की हरकतीला एकच महिना मिळतो. एका मजकुराखाली शंभर सह्या घेऊ नका. ज्याने त्याने आपलं कारण हाताने लिहावं. स्वतः लिहिलेला माणूस सुनावणीतही बोलतो. पोच शिक्क्यासकट घ्याच.

बैठक मे महिन्याच्या दुपारी ठेवाल तर नागपुरात कुत्रंही फिरकणार नाही. रविवारी सकाळी ठेवा, पोहे अन् वर तर्री. हसू नका, अर्धे लोक त्यानेच येतात अन् मग बसतात.

निकाल काहीही लागो, घरोघरी कळवा. मागे मी ते केलं नाही, कोपऱ्यावरचे भाऊ अजून विचारतात, "ताई, माझ्या कागदाचं काय झालं?"