म्हातारपणी धडधाकट राहायचंय? आधी भाजीची पिशवी उचला

हळदीच्या, द्राक्षबियांच्या अर्काच्या गोळ्या तारुण्य टिकवतात म्हणून विकल्या जातात. पण वनस्पतीतल्या अशा एकाही घटकाने माणसाचं आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेरट्रॉल या घटकाचा केवढा गाजावाजा झाला, पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याने निरोगी उंदरांचंही आयुष्य वाढलं नाही. भरपूर भाज्या-फळं खाणाऱ्यांत मात्र हृदयविकार आणि पक्षाघात कमी आढळतात. तेव्हा पैसे भाजीवर खर्च करा.

खरेदीपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. बटाटा त्यात धरत नाहीत. दादरच्या मंडईत गेलात की रंग बदलत घ्या: लाल माठ, शेवग्याचा पाला, जांभळी वांगी. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, शेवळं या रानभाज्या दिसल्या तर सोडू नका. शेवळं काकडांशिवाय (ही आंबट रानफळं) मात्र शिजवू नका, घसा खवखवतो.

लाल माठ अख्खा धुवा, मगच चिरा. त्यातला लाल रंग, म्हणजे बीटालेन, पाण्यात विरघळतो. चिरून धुतलात की चाळणीखाली गुलाबी पाणी जमतं. हवं होतं तेच मोरीत गेलं! झाकण ठेवून अंगच्याच पाण्यात शिजवा.

भाजी निवडायला बसण्याआधी लसूण ठेचून ठेवा. ठेचल्यावर त्यातल्या एन्झाइममुळे अॅलिसिन, म्हणजे लसणाला उग्र वास देणारा घटक, तयार होतं. लगेच गरम तेलात टाकलात तर ते एन्झाइमच निकामी होतं. १० मिनिटं पुरेत.

हळद फोडणीत घाला, वरून मिरपूड. १९९८ साली बंगळूरच्या अभ्यासात मिरीतल्या पिपरिनमुळे हळदीतलं कर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारा घटक) २० पट शोषलं गेलं. पण तिथे २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते जेमतेम ३ टक्के असतं, म्हणजे तेवढ्यासाठी ६० ग्रॅमच्या वर हळद लागेल. आमटीतल्या चिमटीकडून औषधाची अपेक्षा नको. टोमॅटोही तेलात शिजवा, त्यातला लाल रंग, म्हणजे लायकोपीन, जास्त मिळतं.

घरात कोणी हळद-मिरीच्या अर्काच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि पिपरिनमुळे इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आजी-आजोबांना रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल, तर पालेभाजी बंद करू नका. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा आणि त्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.