मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही एकत्र शिकायचंय? मोटरच्या नेमप्लेटपासून सुरुवात करा

बारावी किंवा डिप्लोमा झाला की बऱ्याच पोरापोरींना हा प्रश्न पडतो, मेकॅनिकल घेऊ का इलेक्ट्रिकल, आणि दोन्ही आवडत असेल तर काय करू. दोन्ही एकत्र शिकता येतं आणि मनापासून सांगतो, मशिन्स आवडत असतील तर हाच सगळ्यात मजेदार रस्ता आहे. आपल्याकडे त्याला मेकॅट्रॉनिक्स, ऑटोमेशन अँड रोबोटिक्स अशी नावं असतात, ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीत तर सरळ इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअरिंग नावाचीच डिग्री आहे.

कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, ऑप्शन फॉर्म भरताना ब्रांचच्या नावावर जाऊ नका, आधी चारही वर्षांचा सिलॅबस उघडून बघा. त्यात स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, मशिन डिझाइन, इलेक्ट्रिकल मशिन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल सिस्टिम्स हे पाचही विषय नीट पूर्ण पेपर म्हणून असतील तर डोळे झाकून घ्या, पण नाव रोबोटिक्सचं आणि आत नुसतं कोडिंग असेल तर माझं मत आहे की साधं मेकॅनिकल किंवा साधं इलेक्ट्रिकल घ्यावं आणि दुसऱ्याचं मायनर, म्हणजे डिग्रीसोबतचा जोडविषय, करावं, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मॉडेल अभ्यासक्रमात त्यासाठी साधारण 18 ते 20 जादा क्रेडिट धरलेत. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर अजून एक गोष्ट, भरतीच्या जाहिरातीत बऱ्याचदा फक्त मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना आत्ताच वाचा, डिग्री हातात आल्यावर नको.

आता अभ्यास. सगळ्यात मोठी अडचण अशी होते की पोरं दोन वह्या करतात, एक मेकॅनिकलची आणि एक इलेक्ट्रिकलची, आणि चार वर्षं त्या दोन वह्या एकमेकींना भेटतच नाहीत. असं करू नका. गणित तर एकच आहे. स्प्रिंग, डॅम्पर आणि वस्तुमान यांचं समीकरण लिहा आणि त्याच्याच खाली इंडक्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेल्या सर्किटचं लिहा, वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स येतो, डॅम्परच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या कडकपणाच्या जागी एक भागिले कपॅसिटन्स, बाकी समीकरण तसंच्या तसं. म्हणजे व्हायब्रेशनमधला रेझोनन्स कळला की सर्किटमधला अर्धा फुकट मिळतो. त्यासाठी सेकंड इयरला डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म पक्कं करा, इथे कच्चं राहिलं की थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिम्स डोक्यावरून जातं.

मग एक साधी 12 व्होल्टची डीसी मोटर विकत घ्या. मल्टिमीटरने वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजा, शाफ्ट थोडा थोडा फिरवून दोनतीनदा मोजा म्हणजे ब्रशमुळे येणारा फरक कळेल. समजा 2 ओहम आला, तर शाफ्ट जाम झाल्यावर करंट 6 अँपिअरपर्यंत जाणार, कारण थांबलेल्या मोटरला बॅक ईएमएफ, म्हणजे फिरताना मोटर स्वतःच तयार करते ते उलट व्होल्टेज, नसतो, करंट अडवायला फक्त तो रेझिस्टन्सच उरतो. एल298 ड्रायव्हर, म्हणजे कोडच्या सांगण्यावरून मोटरला करंट देणारी चिप, एका चॅनलला 2 अँपिअरचा, म्हणून रोबोट भिंतीला अडकला की ड्रायव्हर गरम होतो, बिचाऱ्या कोडचा त्यात काही दोष नसतो. याच मोटरवर टॉर्क कॉन्स्टंट (एका अँपिअरला किती टॉर्क) आणि बॅक ईएमएफ कॉन्स्टंट (दर रेडियन प्रति सेकंदाला किती व्होल्ट) दोन्ही मोजून बघा, एसआय एककात दोन्ही आकडे सारखेच येतात आणि तो आकडा स्वतः मोजलात की दोन ब्रांच जोडणारा धागा हातात आला समजा.

पुढची पायरी म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमधली थ्री फेज इंडक्शन मोटर. तिची नेमप्लेट, म्हणजे अंगावरची माहितीची पट्टी, वाचा आणि बाकी सगळं स्वतः काढा. धरा की लिहिलंय 1.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 1440 आरपीएम. सिंक्रोनस स्पीड (आतलं चुंबकीय क्षेत्र फिरतं तो वेग) म्हणजे 120 गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, 1440 च्या लगेच वरचा आकडा 1500 येतो म्हणजे पोल 4, स्लिप, म्हणजे मोटर या 1500 च्या जेवढी मागे राहते ते, 4 टक्के. टॉर्क म्हणजे 9550 गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम, आला जवळजवळ 10 न्यूटन मीटर. एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर दोन्ही 0.8 धरले तर लाइन करंट साधारण 3.3 अँपिअर, पण डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट सप्लायला जोडून, स्टार्ट केली की सुरुवातीला पाच ते सात पट, म्हणजे 20 च्या आसपास, यावरून कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) आणि केबल निवडायची. आता त्याच मोटरला 20 रेशोचा गिअरबॉक्स लावा, स्पीड 72 आरपीएम, टॉर्क 200 च्या जवळ, गिअरबॉक्सची एफिशियन्सी 90 टक्के धरली तर 180 न्यूटन मीटर, आणि या 180 वर शाफ्टचा डायमीटर आणि त्याची की (शाफ्टला गिअर पक्का धरणारी चावी) डिझाइन करा. पण तेवढ्यावर थांबू नका, स्टार्ट होताना मोटर रेटेडच्या दुप्पटही टॉर्क देऊ शकते, म्हणून सर्व्हिस फॅक्टर, म्हणजे लोड वाढवून धरायचा गुणक, लागतो. मशिन डिझाइनच्या पुस्तकात तो टेबलमधून येतो पण कुठून आला ते इलेक्ट्रिकल मशिन्सच्या टॉर्क-स्पीड कर्व्हमध्ये दिसतं. एका नेमप्लेटवर असा एक रविवार घालवलात तर दोन्ही विषयांची निम्मी तयारी होते, खरंच करून बघा.

मग व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह, लावली की गंमत वाढते. ड्राइव्हवरून मोटर 10 हर्ट्झला चालवली आणि लोड तेवढाच ठेवला तर मोटर तापते, कारण कूलिंगचा पंखा त्याच शाफ्टवर असतो आणि तोही हळू फिरतो. दुसरं म्हणजे ड्राइव्हच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होऊन करंट बेअरिंगमधून जमिनीकडे जाऊ शकतो, बेअरिंगच्या रेसवर (कड्यांच्या गोळ्या फिरतात त्या पृष्ठभागावर) बारीक समांतर रेघा पडतात, फक्त मेकॅनिकल शिकलेला माणूस बेअरिंग बदलत बसतो आणि फक्त इलेक्ट्रिकलवाल्याला ड्राइव्ह व्यवस्थित दिसते. तुम्हाला मात्र शाफ्ट ग्राउंडिंग किंवा इन्सुलेटेड बेअरिंग सुचायला हवं, या शिक्षणाची खरी किंमत इथे आहे!

कंट्रोल सिस्टिम्सबद्दल एकच सांगतो, रूट लोकस आणि बोड प्लॉट, म्हणजे सिस्टिम स्टेबल राहील का ते दाखवणारे आलेख, कागदावर काढायला शिका, पण त्याच आठवड्यात तुमच्या 12 व्होल्टच्या मोटरला एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर) लावून आर्डुइनोवर पीआयडी, म्हणजे चूक मोजून ती कमी करत नेणारा कंट्रोल, लिहा. गेन वाढवला की शाफ्ट थरथरायला लागतो, आणि गिअरमध्ये बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिली जागा, असेल तर कागदावर स्टेबल दिसणारं गणितही प्रत्यक्षात हलत राहतं. असं गणित करून बघायला सायलॅब सॉफ्टवेअर फ्री आहे, मॅटलॅब कॉलेजमध्ये असेल तर तेही वापरा, आणि एखादा विषय वर्गात नीट झाला नाही तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे लेक्चर फुकट आहेत.

परीक्षेच्या वेळी दोन्हीकडचे पेपर एका आठवड्यात येतात, तेव्हा डेरिव्हेशनवाला आणि डिझाइनवाला विषय आलटून पालटून घ्या, सलग दोन डिझाइनचे विषय घेतले की डोकं काम करत नाही. टीममध्ये जायचं असेल तर रोबोकॉन (रोबोटची स्पर्धा) किंवा ई-बाहा (इलेक्ट्रिक गाडी बनवायची स्पर्धा) बघा, तिथे बॅटरी, मोटर, गिअरबॉक्स, वेल्डिंग सगळं एकाच मशिनमध्ये असतं, फक्त तुम्ही आधी ज्यात कच्चे आहात ते काम मागून घ्या. गेटला मेकॅट्रॉनिक्सचा पेपर नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन असा दुसरा जवळचा पेपर निवडावा लागतो, त्यामुळे थर्ड इयर संपायच्या आत ठरवा. जर्मनीत मास्टर्स करायचं असेल तर प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस जपून ठेवा, तिथल्या युनिव्हर्सिट्या कोणत्या विषयाचे किती क्रेडिट झाले ते तपासतात.

इंटर्नशिपला चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, जिथे मिळेल तिथे जा, पण शक्यतो मेंटेनन्स डिपार्टमेंट मागा. तिथले फिटर आणि वायरमन काका जे दाखवतात ते कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. त्यांना विचारा की हे मशिन शेवटचं का बंद पडलं होतं आणि दोष कसा सापडला, वहीत लिहून घ्या, पीएलसीच्या (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) लॅडर प्रोग्रॅममध्ये त्यासाठीचा इंटरलॉक, म्हणजे चुकीच्या वेळी मशिन थांबवणारी अट, कुठे आहे ते शोधा. पॅनल उघडायच्या आधी मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने तिन्ही फेज तपासा, आणि ड्राइव्ह असेल तर सप्लाय बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ड्राइव्हवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी थांबा, मग डीसी बसचं व्होल्टेज मोजा आणि त्यानंतरच हात घाला.