जॅझची पदवी घेण्यासाठी डेंटनला जाण्यापूर्वी

टेक्सासमधील डेंटन येथे, आज नॉर्थ टेक्सास विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, १९४७ साली जॅझची पदवी सुरू झाली तेव्हा तिला ‘डान्स बँड’ असे नाव द्यावे लागले, कारण जॅझ हा शब्द त्या काळी प्रतिष्ठितांच्या कागदपत्रांत शोभत नसे. आज तेथील ‘लॅब बँड’, म्हणजे विद्यार्थ्यांची जॅझ पथके, तालमीच्या तासावरून ओळखले जातात आणि ‘वन ओक्लॉक’मध्ये जागा मिळणे मानाचे समजतात. तेथे किंवा अशाच अन्य ठिकाणी जाणाऱ्याने तयारीसाठी दीड वर्ष तरी हाताशी ठेवावे. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होत असले तरी अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी आदल्या डिसेंबरच्या सुमारास संपते.

आधी पदवी कोणती, हे ठरवावे. जॅझवादनाची पदवी आणि संगीतशिक्षणाची पदवी या वेगळ्या आहेत. तेथील सरकारी शाळेत बँड शिकवायचा तर त्या त्या राज्याचा शिक्षक-परवाना लागतो आणि तो नुसत्या वादनाच्या पदवीने मिळत नाही. तेव्हा ज्याचा ओढा शिकवण्याकडे आहे त्याने संगीतशिक्षण शाखेचा अभ्यासक्रम शेवटपर्यंत वाचावा.

खरी तयारी कानाची आहे. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा देत वाढलेला मुलगा कागद समोर असेल तर बिनचूक वाजवतो आणि कागद काढून घेतला की थबकतो; पेटी-तबल्याच्या घरात वाढलेली मुलगी ऐकलेले चटकन उचलते, पण स्टाफ नोटेशनपाशी अडखळते. दोघांनीही ध्वनिमुद्रणातला एक सोलो, म्हणजे एका वादकाचे एकट्याचे वादन, निवडून तो आधी गळ्यात, मग वाद्यावर आणि सर्वांत शेवटी कागदावर उतरवावा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘सो व्हॉट’ या रचनेतील १९५९चा सोलो त्यासाठी उत्तम, कारण त्यात स्वर मोजके असून मोकळ्या जागा भरपूर आहेत आणि त्या जागा जशाच्या तशा मोकळ्या सोडणे हेच अवघड आहे. रोजच्या रियाजात मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून त्याचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो असे धरावे आणि १२०च्या लयीत वाजवावे. समेवर टाळी द्यायला सरावलेला हात पहिले काही दिवस हमखास पहिल्या मात्रेवर घसरतो; तसे झाल्यास वाद्य खाली ठेवून केवळ चुटकी वाजवत गावे.

बारा मात्राखंडांचा ब्लूज, बत्तीस मात्राखंडांचे ‘रिदम चेंजेस’ (‘आय गॉट रिदम’ या गाण्याचा कॉर्डक्रम), एक बोसा नोव्हा (ब्राझिली ढंगाची रचना) आणि एक बॅलड (संथ लयीचे गाणे) एवढ्या रचना तोंडपाठ असाव्यात. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याने स्वरपट्टीचे गणित हिशेब न करता सुचेपर्यंत घोटावे. पियानोवाल्याने एफमधला ब्लूज सुरू केला की आल्टो सॅक्सोफोनवर तो डीमध्ये आणि टेनर सॅक्सोफोनवर जीमध्ये वाजवायचा असतो. वाद्य कोणतेही असो, पियानोवर डाव्या हाताने कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा) तिसरा व सातवा स्वर धरता आलाच पाहिजे, कारण पुढे वर्गात शिकवताना त्याचाच आधार लागतो.

प्रवेशासाठी पाठवायच्या वादनाच्या मुद्रणात विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या सूचना शब्दशः पाळाव्यात. शक्यतो जिवंत साथीदार घ्यावेत, एका रचनेचे चित्रण मध्ये न कापता करावे आणि पंखा बंद ठेवावा. त्याची घरघर बॅलडमध्ये स्नेअर ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशइतकीच स्पष्ट ऐकू येते.

सामानात रीडचा (सॅक्सोफोनच्या मुखाला लावायच्या पातळ पट्टीचा) एक डबा जास्त घ्यावा, मात्र मुंबईच्या पावसाळ्यात जमलेली रीड कोरड्या हवेत वेगळीच वागते, हे गृहीत धरावे. शिसवी लाकडाच्या तयार गिटारला २०१९पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारातील परवान्यातून सूट आहे; ब्राझिलियन रोझवुडला ती नाही.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-२० हा कागद आल्यावर त्यावरील नाव पारपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. या व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. गावातल्या क्लबमध्ये मानधन घेऊन वाजवणे मात्र परवानगीशिवाय केलेले बाहेरचे काम ठरते, म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चाच्या अंदाजात असल्या मिळकतीचा एक डॉलरही धरू नये.