आघाडीवर रक्त चढवताना या चुका टाळा

पहिली चूक पिशवी लावण्याआधीच होते. रक्तस्राव चालू असताना रक्त चढवत बसणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. आधी टुर्निके (हात-पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा) आवळा, जखमेत पट्टी ठासून भरा, मग शीर शोधा.

रक्तदाब कोसळण्याची वाट पाहू नका. तरुण जवानाचं शरीर बराच वेळ तग धरतं आणि एकदम ढासळतं. डोक्याला मार नसताना तो बरळू लागला किंवा मनगटाची नाडी लागेना, की समजा, रक्त चढवायची वेळ झाली. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी जखमींवरच्या २०१७ च्या अभ्यासात, हेलिकॉप्टरने उचलल्यापासून १५ मिनिटांत रक्त मिळालेले जास्त संख्येने जगलेले दिसले. हाताशी रक्त असताना सलाईनच्या बाटल्या रिकाम्या करू नका. त्याने उरलंसुरलं रक्तही पातळ होतं आणि गोठेनासं होतं.

सर्वात जास्त विसरलं जातं ते कॅल्शियम. पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून तर रक्त आत गोठत नाही. पण तेच सायट्रेट जखमीच्या अंगात गेल्यावर तिथलंही कॅल्शियम धरून ठेवतं. मग रक्त गोठत नाही आणि हृदयाचा जोरही कमी होतो. पहिल्या पिशवीनंतर १ ग्रॅम द्यावं: १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिली किंवा क्लोराइड १० मिली. मात्र रक्ताच्या नळीतून नको, नळीतच गुठळ्या होतील. रिंगर लॅक्टेटमध्येही (शिरेतून द्यायचं क्षारांचं पाणी) कॅल्शियम असतं, म्हणून रक्ताच्या नळीत काही सोडावं लागलंच तर साधं सलाईनच. क्लोराइड शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकी सैन्यातले डॉक्टर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी रक्ताच्या बाटल्या दारूगोळ्याच्या पेट्यांत बर्फात ठेवल्या होत्या. साठवताना थंडी हवीच, पण तेच गार रक्त थेट शिरेत गेलं तर अंग थंड पडून रक्तस्राव वाढतो. रक्त कोमट करणाऱ्या वॉर्मरची बॅटरी निघण्यापूर्वीच तपासा.

सोबत्याचं ताजं रक्त घेताना ओळखपट्टीवरच्या रक्तगटावर विसंबू नका. आधीच तपासून ठेवलेले, प्रतिपिंडं (दुसऱ्या गटाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) कमी असलेले ओ गटाचे दाते उत्तम. पिशवी जास्त भरली तर सायट्रेट पुरत नाही आणि गुठळ्या होतात. वजनकाटा नसेल तर मापाची दोरी पिशवीभोवती गुंडाळून अंदाज घ्या, भरताना पिशवी हलवत राहा.

थंडी वाजणं, धाप, कंबरदुखी, लाल लघवी दिसली तर रक्त तिथेच थांबवा. रिकामी पिशवी फेकू नका, वेळ लिहून जखमीसोबत पाठवा.