क्लायंटच्या वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवताना

साइट हलवायची म्हणजे फाइल्स कॉपी करायच्या, डेटाबेस उतरवून घ्यायचा आणि डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवायचं, असं या कामात नव्याने येणाऱ्याला वाटतं. तेवढं अर्ध्या दिवसात होतं. क्लायंटचा फोन येतो तो वेगळ्याच गोष्टींसाठी: ईमेल येणं बंद झालंय, चौकशीचा फॉर्म भरला तरी कुणालाच कळत नाही, रात्री आपोआप तयार होणारा रिपोर्ट तयार झाला नाही. या तिन्हींचं मूळ साइटच्या फोल्डरमध्ये नसतं. त्यामुळे पहिलं काम कॉपीचं नाही, यादीचं.

यादीत सगळ्यात आधी तीन लॉगिन हवेत. डोमेन जिथे नोंदवलंय तो रजिस्ट्रार, डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) जिथून चालतं ती जागा आणि प्रत्यक्ष होस्टिंग. बऱ्याच क्लायंटना ही एकच वस्तू वाटते, कारण तिन्हींचं बिल एकाच ठिकाणाहून येतं. डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे हे त्याच दिवशी बघा. तो ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर मेल बंद पडली की पासवर्ड परत मिळवायची वाटही बंद. होस्टिंग आणि रजिस्ट्रार एकाच आठवड्यात बदलू नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते शोधता येत नाही.

मग जुन्या पॅनेलमधून डीएनएसची पूर्ण झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी, एक्सपोर्ट करून ठेवा. बाहेरून विचारून सबडोमेनची संपूर्ण यादी मिळत नाही. ज्याचं नाव माहीत आहे त्याचंच उत्तर डीएनएस देतं, त्यामुळे कधीतरी कुणीतरी जोडलेलं जुनं सबडोमेन हमखास सुटतं. शिवाय क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), पीएचपीची आवृत्ती आणि एक्स्टेन्शन्स, डेटाबेसचा प्रकार आणि आवृत्ती, एकूण जागा आणि फाइल्सची संख्या टिपून घ्या. जागा भरपूर असूनही आयनोडची, म्हणजे फाइल्सच्या संख्येची, मर्यादा संपते आणि कॉपी मध्येच थांबते, म्हणून फाइल्स मोजायच्या. पेमेंट गेटवे किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेने तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता व्हाइटलिस्ट केलेला असेल तर नवा पत्ता त्यांना आधीच कळवा. त्यांच्या बाजूने हे काम तासाभरात होत नाही.

आता टीटीएल. प्रत्येक डीएनएस रेकॉर्डवर सेकंदांचा एक आकडा असतो. तेवढा वेळ इतरांनी जुनं उत्तर लक्षात ठेवावं, असा त्याचा अर्थ. टीटीएल ८६४०० असेल तर ए रेकॉर्ड (डोमेनला सर्व्हरचा आयपी पत्ता जोडणारी नोंद) बदलल्यावर काही लोक पुढचे २४ तास जुन्या सर्व्हरवरच जातील. तो ३०० करायचा, पण आयत्या वेळी करून उपयोग नाही. ज्यांनी जुनं उत्तर आधीच घेतलंय, त्यांना नवा आकडा त्या २४ तासांनंतरच दिसणार. म्हणून साइट हलवण्याच्या किमान दोन दिवस आधी टीटीएल उतरवा.

शक्य असेल तिथे नेमसर्व्हर (डोमेनची ही उत्तरं देणारे सर्व्हर) बदलू नका, फक्त ए रेकॉर्ड बदला. .कॉम डोमेनची नेमसर्व्हरची नोंद वरच्या पातळीवर १७२८०० सेकंदांच्या, म्हणजे दोन दिवसांच्या टीटीएलने दिली जाते आणि तो आकडा तुमच्या हातात नाही. चूक झाली तर मागे फिरायलाही तेवढाच वेळ. नेमसर्व्हर बदलणं टळत नसेल तर नव्या जागी सगळे रेकॉर्ड आधी जसेच्या तसे, जुन्याच पत्त्यांसह भरा, नेमसर्व्हर बदला, दोन दिवस जाऊ द्या आणि मगच ए रेकॉर्डला हात लावा. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा, त्या सहीची खूण असलेला डीएस रेकॉर्ड आधी काढून त्याचा टीटीएल संपू द्या. तो तसाच राहिला तर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) डोमेनचं उत्तरच देत नाहीत. तुमच्या नेटवरून साइट उघडेल, क्लायंटच्या नेटवरून उघडणार नाही.

ए रेकॉर्डच्या शेजारचा एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, विसरला जातो. तो जुनाच राहिला तर आयपीव्ही६ वापरणारे लोक कितीही दिवस गेले तरी जुनीच साइट बघत राहतात. सीएए रेकॉर्डही बघा. त्यात नव्या होस्टच्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव नसेल तर एसएसएल मिळणार नाही.

ईमेलसाठी वेळ राखून ठेवा, सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. एमएक्स रेकॉर्डला (डोमेनची मेल कुठे जाते ते सांगणारी नोंद) हात लावला नाही म्हणजे मेल सुरक्षित, असं नसतं. एमएक्स रेकॉर्ड आयपीकडे बोट दाखवत नाही, एका नावाकडे दाखवतो. पॅनेलवाल्या होस्टिंगवर ते नाव पुष्कळदा डोमेन स्वतःच असतं, किंवा ‘मेल’ नावाचं सबडोमेन, जे सीनेम रेकॉर्डने (एक नाव दुसऱ्या नावाला जोडणारी नोंद) मूळ डोमेनलाच जोडलेलं असतं. साइटसाठी ए रेकॉर्ड बदलला की मेलही गुपचूप नव्या सर्व्हरकडे वळते. तिथे मेलबॉक्स नसतो, आणि पाठवणाऱ्याला ५५० चा एरर जातो. उपाय सोपा आहे. मेल जुन्या जागीच राहणार असेल तर ‘मेल’ या नावाला जुन्या आयपीचा वेगळा ए रेकॉर्ड द्या, एमएक्स त्या नावाकडे वळवा, आणि हे टीटीएल उतरवतानाच उरकून टाका.

उलटा घोटाळाही होतो. मेल बाहेरच्या सेवेवर आहे, पण नव्या पॅनेलमध्ये डोमेन जोडताना पॅनेल स्वतःलाच त्या डोमेनचा मेल सर्व्हर समजतं. मग फॉर्ममधून क्लायंटच्या पत्त्यावर गेलेली मेल सर्व्हरच्या बाहेर पडतच नाही, आतल्याच एखाद्या रिकाम्या मेलबॉक्समध्ये पडते किंवा तिथूनच परत येते. तुम्ही चाचणीला स्वतःचा वेगळा पत्ता दिलात तर सगळं सुरळीत दिसतं. म्हणून पॅनेलच्या ईमेल राउटिंगमध्ये ‘रिमोट’ निवडा आणि फॉर्मची चाचणी क्लायंटच्या खऱ्या पत्त्यावरच करा.

एसपीएफ रेकॉर्डमध्ये (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) नव्या सर्व्हरचा आयपी घाला, पण दुसरा एसपीएफ रेकॉर्ड तयार करू नका. एका डोमेनला एकच चालतो, दोन झाले की पडताळणी फसते. त्यात डीएनएस शोधायला लावणाऱ्या नोंदी १० च्या वर जाऊ देऊ नका. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) चावी सर्व्हरगणिक वेगळी असते, नवी चावी नव्या सिलेक्टरने, म्हणजे नव्या नावाने, जोडा, जुनी लगेच काढू नका. साइटवरून मेल पाठवण्यासाठी २५ क्रमांकाच्या पोर्टवर विसंबू नका, अनेक होस्ट ते बंद ठेवतात. ५८७ वर लॉगिनसह एसएमटीपी लावा.

फाइल्सचं काम त्या मानाने सरळ. एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) मिळत असेल तर आरसिंक ही कॉपी करायची कमांड वापरा. पहिल्या फेरीला तासन् तास लागले तरी दुसऱ्या फेरीत फक्त बदललेल्या फाइल्स जातात. एफटीपीने करायचंच असेल तर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर .एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरसाठीच्या नियमांची फाइल मागे राहते आणि मुख्य पान उघडून आतली सगळी पानं ४०४ देतात. नवा सर्व्हर एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरवर असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही, त्यातले नियम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये हाताने लिहावे लागतात. फोल्डरला ७५५ आणि फाइल्सना ६४४ परवानग्या पुरतात. ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) देऊन प्रश्न सुटल्यासारखा वाटला तर खरी अडचण मालकीची आहे, ती दुरुस्त करा. वर्डप्रेसवर फायरवॉल किंवा कॅशेचं प्लगइन असेल तर .यूजर.आयएनआय आणि कॉन्फिग फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचा पूर्ण पाथ दडलेला असतो. नव्या जागी पांढरं पान दिसलं तर आधी तिथे बघा.

डेटाबेसमध्ये दोन सापळे आहेत. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज सीरियलाइझ करून ठेवतं, म्हणजे मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा १८ अक्षरांचा पत्ता असेल तर त्याआधी १८ हा आकडा असतो. डंप फाइल (डेटाबेसची उतरवलेली प्रत) एडिटरमध्ये उघडून तुम्ही सरसकट ‘एचटीटीपीएस’ केलंत, तर पत्ता १९ अक्षरांचा होतो आणि आकडा १८ च राहतो. पीएचपीला ती नोंद वाचताच येत नाही. एरर दिसत नाही, फक्त विजेट्स आणि थीमची मांडणी गायब होते. हा आकडा बाइटचा असतो, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे हाताने मोजून दुरुस्त करण्याच्या भरीला पडू नका. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाचं सर्च-रिप्लेस वापरा, आधी ड्राय-रन (काहीही न बदलता चाचणी) करून.

दुसरा सापळा कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची त्या पद्धतीचा. ‘म’ च्या जागी तीन विचित्र लॅटिन चिन्हं दिसली तर यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी लॅटिन१ समजून वाचले आहेत. जुन्या काही साइट्सची टेबलं लॅटिन१ म्हणून नोंदलेली असतात आणि आत भरलेले बाइट मात्र यूटीएफ-८ चे. नेहमीसारखा डंप घेतला की त्यांचं पुन्हा एकदा रूपांतर होतं. अशा वेळी डंप लॅटिन१ मध्येच घ्या म्हणजे बाइट आहेत तसे बाहेर येतात, आणि फाइलमधली कॅरेक्टर सेटची नोंद बदलून यूटीएफ८एमबी४ मध्ये भरा. बिघडलेला डेटा नव्या डेटाबेसमध्ये दुरुस्त करत बसू नका, डंप पुन्हा घ्या. मायएसक्यूएल ८ वरून जुन्या मारियाडीबीवर जाताना ‘अननोन कोलेशन’ हा एरर येतो (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना करायचे आणि क्रम लावायचे नियम). डंपमधल्या ‘०९००’ असलेल्या कोलेशनच्या जागी यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय लिहा.

पीएचपीची आवृत्ती त्याच दिवशी वाढवू नका. नव्या सर्व्हरवर आधी जुनीच आवृत्ती निवडा, साइट स्थिरावू द्या, मग अपग्रेड वेगळं काम म्हणून करा. पीएचपी ८ मध्ये क्रिएट_फंक्शन आणि ईच ही फंक्शन्स काढून टाकलीत, आणि आधी नुसता इशारा देणारं काउंट आता रिकाम्या मूल्यावर थेट थांबतं. जुन्या थीममध्ये हे सगळं भरपूर सापडतं.

चाचणीसाठी तात्पुरतं डोमेन घेण्यापेक्षा स्वतःच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (इथली नोंद डीएनएसच्या आधी वाचली जाते) नवा आयपी आणि खरं डोमेन लिहा. साइट खऱ्या नावानेच उघडते, त्यामुळे पत्ते बदलावेच लागत नाहीत. आपण नक्की कोणता सर्व्हर बघतोय ते कळण्यासाठी फक्त नव्या सर्व्हरवर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा आणि ती उघडून बघा. सर्टिफिकेट नावाला बांधलेलं असतं, सर्व्हरला नाही. म्हणून जुनं सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की नव्या जागी आधीच लावता येते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडे अधीर होऊन पुन्हा पुन्हा विनंती करू नका. त्याच नावांच्या सर्टिफिकेटवर आठवड्याला ५ ची मर्यादा आहे.

प्रत्यक्ष बदल सकाळी, आठवड्याच्या सुरुवातीला. शुक्रवारी संध्याकाळी नाही, कारण शनिवारी दोन्ही होस्टचे जाणते लोक फोनवर मिळत नाहीत. ज्या साइटवर ऑर्डर किंवा नोंदणी होते ती जुन्या सर्व्हरवर मेंटेनन्समध्ये टाका, ५०३ च्या (‘सेवा तात्पुरती बंद’ या) उत्तरासह, म्हणजे सर्च इंजिन पानं गेली असं समजत नाहीत. मग डेटाबेसचा शेवटचा डंप, आरसिंकची दुसरी फेरी, नव्या जागी इम्पोर्ट, शेवटच्या ऑर्डरचा क्रमांक दोन्हीकडे जुळतोय याची खात्री, आणि त्यानंतरच ए व एएएए रेकॉर्ड. जुन्या साइटवरचा मेंटेनन्स काढू नका. काढलात तर मागे राहिलेला एखादा ग्राहक तिथेच ऑर्डर देईल आणि दोन डेटाबेस जुळवत बसावं लागेल. क्रॉन नव्या जागी सुरू करताना जुन्या जागी बंद करा, नाहीतर तेच बिल एका ग्राहकाला दोनदा जातं.

डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने आधी डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला विचारा, मग ८.८.८.८ (गूगल) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) या सार्वजनिक रिझॉल्व्हरना. होस्ट्स फाइलमधली ओळ काढायला विसरू नका, नाहीतर इतरांना काय दिसतंय ते तुम्हाला कळणार नाही. सर्च इंजिनपासून साइट लपवायची खूण चाचणीत लावली असेल तर ती याच क्षणी काढा. तिचा परिणाम आठवड्यांनी जाणवतो आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही.

अनेक साइट्स असतील तर सगळ्यात लहान, फॉर्मसुद्धा नसलेली साइट आधी न्या, दुकान शेवटी. जुनं होस्टिंग किमान एक महिना चालू ठेवा आणि त्याचा अ‍ॅक्सेस लॉग बघत राहा. बॉट सोडून कुणी येत असेल तर कोणत्या नावाने येतंय ते शोधा, सुटलेलं सबडोमेन तिथेच सापडतं. लॉग शांत झाला की मेलबॉक्ससह पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसरीकडे एकदा उघडून बघा, टीटीएल परत ३६०० करा आणि मग खातं बंद करा. त्याच दिवशी एसपीएफमधून जुना आयपी काढा. तो पत्ता उद्या दुसऱ्या कुणाला मिळेल आणि त्याला तुमच्या क्लायंटच्या नावाने मेल पाठवण्याची मुभा राहील.