क्रीम चीज फ्रॉस्टिंग पातळ होऊ नये म्हणून

केकसाठी क्रीम चीजचं आंबटगोड फ्रॉस्टिंग करायला घेतलं की ते बहुतेक वेळा सैल पडतं आणि कपकेकवरून ओघळतं. क्रम बदलला की हा त्रास जवळजवळ संपतो.

प्रमाण: क्रीम चीज २२५ ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ११५ ग्रॅम, पिठीसाखर २०० ते २४० ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला इसेन्स.

१. लोणी बोट दाबलं तर खड्डा पडेल इतपत मऊ हवं, वितळलेलं नको. ते एकटंच ३-४ मिनिटं फेटा.

२. चाळलेली पिठीसाखर दोन-तीन वेळा करून घाला आणि मिश्रण हलकं, पांढरट होईपर्यंत फेटा. सगळी मेहनत इथेच करायची. साखर चाळायचा कंटाळा करू नका, गुठळ्या नंतर मोडत नाहीत.

३. क्रीम चीज सगळ्यात शेवटी, फ्रिजमधून काढलेलं थंडच, तुकडे करून घाला. मीठ, इसेन्सही आताच. कमी वेगावर जेमतेम एकजीव झालं की थांबा. जास्त फेटलं की ते पाणी सोडतं.

क्रीम चीज वडीच्या रूपातलं, पूर्ण फॅटचं घ्या. डब्यातलं पावाला लावायचं चीज मुळातच सैल असतं. जास्त आंबटपणा हवा असेल तर रसाऐवजी लिंबाची किसलेली साल घाला. मला तर तिचा वासही जास्त आवडतो.

तरीही सैल वाटलं तर साखर वाढवू नका, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र लावू नका, आणि सजवलेला केक दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.